आधी मोजा, मग 'सुरक्षित' म्हणा

"काही होत नाही, नॅनो आहे." पुणे जिल्ह्यातल्या दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या कृषी सेवा केंद्रांच्या काउंटरवर, ड्रोन फवारणीच्या प्रात्यक्षिकांत, शेतकरी मेळाव्यांच्या मांडवात हे वाक्य इतक्या सहज ऐकू येतं की त्यावर उलट प्रश्न विचारणंच आता असभ्य वाटू लागलं आहे. नॅनो खताची बाटली पंपात ओतणारा मजूर विचारत नाही, कारण त्याला रोज बुडवायचा नसतो. बागायतदार विचारत नाही, कारण युरियाच्या गोणीबरोबर ती बाटली लिंकिंगमध्ये त्याच्या गळ्यात पडलेली असते, आणि पैसे गेलेच आहेत तर फवारून मोकळं व्हावं असं त्याला वाटतं. पण ज्यांचं कामच विचारण्याचं आहे, ती कृषी, कामगार आणि आरोग्य खात्यांची माणसंही विचारताना दिसत नाहीत. आणि या गप्प बसण्याला आपल्याकडे वैज्ञानिक दृष्टी म्हणायची पद्धत पडत चालली आहे. माझा राग त्या पद्धतीवर आहे.

समोरच्याचं मत अर्धवट मांडून खोडणं सोपं असतं, म्हणून ते पूर्ण मांडतो. ते असं आहे: नॅनो खत किंवा नॅनो पूड म्हणजे ओळखीचाच पदार्थ, फक्त बारीक केलेला. मात्रा अगदी थोडी लागते, म्हणून धोकाही थोडा. सरकारची मान्यता आहे, म्हणजे तपासणी झालेली आहे. इतकी वर्षं माल विकला जातोय, कुणाला काही झाल्याचं ऐकिवात नाही. जे काही हवेत-पाण्यात जातं ते विरून जातं. शेतकऱ्याला आज उत्पन्न हवंय, त्याला संशोधनाच्या नावाखाली थांबवणं हा अन्याय आहे. आणि एवढ्यावरही जो शंका काढतो तो प्रगतीचा शत्रू आहे.

यातलं एकेक कलम घेऊ.

पहिलं कलम: ओळखीचाच पदार्थ, फक्त बारीक केलेला. मग हीच मंडळी विक्रीच्या वेळी काय सांगतात? फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात नॅनो युरियाची नोंद झाली आणि ३१ मे २०२१ रोजी इफ्को या खत कंपनीने तो बाजारात आणला. कणांचा आकार २० ते ५० नॅनोमीटर, अर्ध्या लिटरची बाटली, तिच्यात ४ टक्के नत्र, आणि दावा असा की ही एक बाटली ४५ किलोच्या गोणीचं काम करते. गोणीतल्या युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे २० किलोंहून जास्त. बाटलीत ते साधारण २० ग्रॅम. हजारपट फरक भरून काढणारी शक्ती कुठून आली, असं विचारलं की उत्तर मिळतं: आकारातून. कण इतका बारीक आहे की तो पानाच्या रंध्रांतून थेट आत शिरतो, पेशीत पोचतो, साध्या युरियाला जे जमत नाही ते याला जमतं. नंतर आलेल्या नॅनो युरिया प्लसमध्ये नत्राचं प्रमाण वाढवलं गेलं, पण दाव्याचा गाभा तोच राहिला.

आता मजुराने विचारावं, हा कण माझ्या फुप्फुसात गेला तर? त्याला लगेच उत्तर मिळतं: अहो, युरियाच आहे तो. पिकाच्या पेशीत शिरताना कण वेगळा आणि माणसाच्या पेशीपाशी आला की नेहमीचाच, हे कसं चालेल? युरिया पाण्यात विरघळतो हे बादलीत युरिया कालवून ती गार पडताना पाहिलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. विरघळला की कण उरत नाही, रेणू उरतो. म्हणजे शक्यता दोनच. कण पाण्यात विरघळत असेल तर बाटलीत युरियाचं पातळ पाणी आहे आणि आकाराचा सगळा दावा पडतो. कण टिकून राहत असेल तर त्याला टिकवून धरणारं काहीतरी आहे, आणि ते काय आहे, ते पानावर, मातीत, श्वासनलिकेत कसं वागतं, याची स्वतंत्र तपासणी झालीच पाहिजे. कोपनहेगन विद्यापीठाच्या मॅक्स फ्रँक आणि सोरेन हुस्टेड यांनी २०२३ मध्ये 'प्लांट अँड सॉइल' या नियतकालिकात या खतामागच्या शास्त्रीय दाव्यांवर जाहीर आक्षेप घेतले. कंपनीला ते मान्य नाहीत. ठीक आहे. पण वाद मिटवायची जागा प्रयोगशाळा आणि शेत आहे, मेळाव्याचा मांडव नाही.

बारीक केल्याने पदार्थ बदलत नाही, या समजुतीला जगातल्या कामगार-आरोग्य संस्थांनी केव्हाच रजा दिली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २०११ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडसाठी दोन वेगवेगळ्या मर्यादा सुचवल्या. जाड्या पुडीसाठी घनमीटर हवेत २.४ मिलिग्रॅम, अतिसूक्ष्म पुडीसाठी ०.३ मिलिग्रॅम. रासायनिक सूत्र एकच, पांढरा रंग एकच, आणि मर्यादा आठपट कडक. कार्बन नॅनोनलिकांसाठी २०१३ मध्ये हीच संस्था १ मायक्रोग्रॅमवर आली आणि नॅनो चांदीसाठी २०२१ मध्ये ०.९ मायक्रोग्रॅमवर. आकाराने काही फरक पडत नसता तर हा खटाटोप कुणी कशाला केला असता?

दुसरं कलम: मात्रा कमी म्हणून धोका कमी. हे शहाणपणाचं वाटतं, कारण औषधाच्या आणि विषाच्या बाबतीत आपण वजनावरच विचार करायला शिकलो आहोत. कणांच्या बाबतीत वजन फसवतं. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर. तोच घन २० नॅनोमीटरच्या घनांत चिरत नेला, तर तेवढ्याच पदार्थाचा उघडा पृष्ठभाग ३०० चौरस मीटर होतो, म्हणजे जवळजवळ तीन गुंठे. शरीराशी गाठ पडते ती या पृष्ठभागाची. संख्येचंही तसंच. पुण्याच्या हवेचे आकडे ज्या अडीच मायक्रोमीटरच्या धुळीवरून सांगितले जातात, त्यातल्या एका कणाच्या वजनात त्याच पदार्थाचे २० नॅनोमीटरचे साडेएकोणीस लाख कण बसतात. वजनकाट्यावर दोन्ही सारखेच. फुप्फुसात सारखे कसे असतील?

आणि हे कण फुप्फुसात कुठवर जातात हेही माहीत आहे. श्वासातून गेलेल्या २० नॅनोमीटरच्या आसपासच्या कणांपैकी सुमारे निम्मे थेट वायुकोशांत जाऊन बसतात, जिथे रक्त आणि हवा यांच्यात अतिशय पातळ पडदा असतो. गुंटर ओबरडॉर्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की श्वासातून घेतलेले कार्बनचे अतिसूक्ष्म कण मेंदूतल्या गंधकेंद्रापर्यंत पोचतात. हे उंदरांत दिसलं, माणसात तेवढंच होईल असं नाही, असं कुणी म्हणेल. मान्य. मग माणसात काय होतं ते पाहा ना! पाहायचं नाही आणि दिसलं नाही म्हणायचं, याला पुरावा म्हणत नाहीत.

तिसरं कलम: मान्यता आहे. या कलमापुढे मी यवतमाळ ठेवतो. २०१७ च्या खरिपात त्या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्या रसायनांतली बहुतेक नोंदणीकृत होती, दुकानातून पक्क्या बिलावर मिळत होती. चुकलं काय? कागदावरच्या माणसाने बेताच्या उंचीच्या कपाशीवर, हातमोजे आणि मुखवटा घालून, एकच रसायन, सांगितलेल्या मात्रेत फवारलं होतं. शेतातल्या माणसाच्या डोक्यावरून कपाशी गेली होती, उकाडा होता, अंगावर बनियन होतं आणि टाकीत दोन-तीन औषधं एकत्र कालवली होती. मान्यता पदार्थाला मिळाली होती. त्या पदार्थाशी माणसाची गाठ कशी पडते हे कुणी मोजलंच नव्हतं.

दौंडच्या उसात याहून वेगळं काय आहे? भरणीनंतर ऊस डोक्यावर जातो. पाठीवर बॅटरी पंप घेऊन सरीतून चालणाऱ्याच्या तोंडासमोर पातीवरचं पाणी ठिबकत असतं. नाकातोंडाला उपरणं. टाकीत नॅनो युरियाबरोबर १९:१९:१९ हे विद्राव्य खत, एखादं कीटकनाशक आणि वर पानाला चिकटवणारं स्टिकर. मोठ्या पृष्ठभागाच्या कणावर दुसरं रसायन चिकटून त्याच्याबरोबर शरीरात किती खोल जाऊ शकतं, हा नॅनो-विषशास्त्रातला नावाजलेला प्रश्न आहे. आपल्या टाकीतलं मिश्रण कोणत्या मान्यतेत तपासलं गेलं?

ड्रोनचं उत्तर पुढे केलं जाईल: माणूस उसातून बाहेर आला, प्रश्न मिटला. प्रश्न जागा बदलतो. पाठीवरच्या पंपाने फवारताना एका लिटर पाण्यात दोन ते चार मिलिलिटर सांगितलेलं असतं. ड्रोन एकराला साधारण दहा लिटर पाण्यात काम उरकतो. तीच अर्ध्या लिटरची बाटली दहा लिटरांत गेली की द्रावणाची दाटी दहापटींच्या वर जाते. थेंब बारीक होतो, वाऱ्यावर शेजारच्या वावरात, वस्तीवर जातो. आणि बाटल्या फोडून टाकी भरणारी माणसं तशीच जमिनीवर असतात. फवारणीच्या कामात दाट द्रावण हाताळण्याची ती घडी सर्वांत जोखमीची, हे कीटकनाशकांच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. म्हणजे ही घडी आता आपल्या बायाबापड्यांच्या हातात आली. त्यांच्या हातावर, केसांत, श्वासात काय आणि किती जातं, हे योजनेबरोबरच मोजायला घ्यायला हवं होतं.

मान्यतेबद्दल आणखी एक. जैवतंत्रज्ञान विभागाने जुलै २०२० मध्ये नॅनो कृषी निविष्ठा आणि खाद्यपदार्थांच्या मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण त्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांच्या आधारे कोणत्या चाचण्या झाल्या, कोणत्या प्राण्यांवर, किती दिवस, श्वासातून की तोंडावाटे, कणाचा आकार फवारणीच्या वेळी मोजला की कारखान्यातून निघताना, हे दौंडच्या तालुका कृषी कार्यालयात गेलेल्या साध्या शेतकऱ्याला मराठीत वाचायला मिळालं पाहिजे. २०२३ मध्ये नॅनो डीएपी आला. २०२४ मध्ये नॅनो झिंक आणि नॅनो कॉपर या द्रवांनाही मान्यता मिळाली. युरिया निदान विरघळतो तरी. जस्त आणि तांबं हे धातू आहेत, ते मातीत साचतात, आणि तांब्याने मासे आणि शेवाळ मरतात हे तर जुनंच ज्ञान आहे. एकाच्या मान्यतेवर दुसऱ्याने तरून जायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

चौथं कलम मला सर्वांत घातक वाटतं: कुणाला काही झाल्याचं ऐकिवात नाही. ऐकू यायला ऐकणारा लागतो. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने कामगारांना इजा होते, अशी नोंद इंग्लंडमधल्या कारखाना निरीक्षक लूसी डीन यांनी १८९८ मध्येच करून ठेवली होती. ब्रिटनने ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी घातली १९९९ मध्ये. मधली बरीच वर्षं "कुणाला काही झाल्याचं ऐकिवात नाही" हेच म्हटलं जात होतं, कारण त्या तंतूचा कर्करोग उगवायला तीस-चाळीस वर्षं लागतात आणि तोवर कामगार कुठल्या कारखान्यात होता हेच कुणाला सांगता येत नाही. म्हणून तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं जपून ठेवायला सांगितलं. ही तुलना मी घबराट पसरवायला करत नाही. एडिनबराच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवलं की लांब, ताठ कार्बन नॅनोनलिका उंदराच्या पोटात टोचल्या तर त्या ॲस्बेस्टॉससारखीच प्रतिक्रिया उठवतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये त्यातल्या एका प्रकाराला 'माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता' या गटात टाकलं. बाकीच्या प्रकारांचं काय? त्यांच्याबद्दल पुरावा अपुरा, म्हणून वर्गवारी करता येत नाही, असं ठरलं. हे बाकीचे सुरक्षित ठरले, असं समजणारा माणूस वाचता येऊनही न वाचणारा आहे.

खाण्याच्या पदार्थांतल्या टायटॅनियम डायऑक्साइडची गोष्ट अगदी अलीकडची. ही पांढरी पूड युरोपात दशकानुदशकं मान्यताप्राप्त होती. २०२१ मध्ये युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सांगितलं की आनुवंशिक द्रव्याला इजा होण्याची शंका दूर करता येत नाही, म्हणून तिला यापुढे सुरक्षित म्हणता येणार नाही. २०२२ मध्ये बंदी आली. मान्यता तीच, पदार्थ तोच. बदललं ते एवढंच की कुणीतरी पुन्हा बघितलं.

आता कुरकुंभच्या रासायनिक क्षेत्राकडे आणि शिरूरच्या रांजणगावकडे या. रंग, रबर, प्लॅस्टिक, औषधं, इलेक्ट्रॉनिक्स, अशा नाना उद्योगांत आज कार्बन ब्लॅक, सूक्ष्म सिलिका, धातूंची ऑक्साइडं यांच्या बारीक पुडी वापरल्या जातात. जगभरच्या मोजण्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: यंत्र बंद झाकणाआड चालतं तेव्हा हवा ठीक असते. पोतं फोडताना, पूड ओतताना, गाळणीची पिशवी झटकताना, टाकीत उतरून साफसफाई करताना कण उडतात. ही कामं कोण करतं? कंत्राटी कामगार. कंत्राटदार बदलतो, हजेरीपट बदलतो, माणूस दुसऱ्या एमआयडीसीत जातो. ज्या यादीवर आपली कारखाना तपासणी उभी राहिली, त्या कारखाने अधिनियम १९४८ च्या दुसऱ्या परिशिष्टात रसायनांच्या आणि धुळीच्या मर्यादा होत्या. नॅनो आकारासाठी म्हणून वेगळी मर्यादा तिच्यात नव्हती. मर्यादाच नसेल तर ती ओलांडली गेल्याची तक्रार कुठे करायची? आणि तक्रार आली नाही म्हणून सगळं ठीक आहे, हा निष्कर्ष कुणी काढायचा?

पाचवं कलम, पाण्यात विरून जातं. पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा दौंडच्या रानात उतरते आणि रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते. ते पाणी पुढे उजनीत जातं. विरून जातं म्हणणाऱ्यांनी त्या नदीकाठी एक दिवस उभं राहावं. जंतुरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या कपड्यांतली चांदी धुण्याच्या पाण्यात उतरते, भिंतींच्या रंगातले टायटॅनियम डायऑक्साइडचे कण पावसाबरोबर वाहून येतात, हे दोन्ही २००८ च्या सुमारास अमेरिका आणि स्वित्झर्लंडमध्ये मोजून दाखवलं गेलं. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात या कणांचा बराचसा भाग गाळात बसतो. हा गाळ कुठे जातो? अनेक ठिकाणी खत म्हणून शेतात. शहराने वापरलेला कण शेवटी शेतकऱ्याच्याच दारात येतो, आणि त्याच्या नावाची कुठलीही चाचणी पाणी तपासणीच्या नेहमीच्या तक्त्यात नसते.

इथे एक गोष्ट मी स्वतःहून सांगतो. गाळातल्या प्राणवायूविना असलेल्या वातावरणात नॅनो चांदीचं बरंचसं चांदीच्या सल्फाइडमध्ये रूपांतर होतं आणि तिचं विषारीपण घटतं. म्हणजे संशोधन झालं तर ते दर वेळी भीतीच वाढवेल असं नाही, कधी ती कमीही करेल. पण ही दिलाशाची बातमीसुद्धा मोजल्यामुळेच मिळाली. बाटलीतून निघालेला कण आणि मातीत, नदीत, घामात, गाळात गेल्यावरचा कण हे वेगळे असतात. प्रयोगशाळेतल्या ताज्या, स्वच्छ कणावर केलेल्या चाचणीने भीमेकाठच्या चोपण जमिनीचं उत्तर मिळत नाही, ना चांगलं ना वाईट.

सहावं कलम: शेतकऱ्याला थांबवू नका. या कलमाला शेतकऱ्याचं नाव दिलेलं आहे, म्हणून ते अधिक चीड आणतं. पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं शेतात प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष २०२४ च्या सुरुवातीला लोकांपुढे आले: शिफारस केलेल्या नत्राच्या मात्रेच्या तुलनेत नॅनो युरियाच्या पद्धतीत भाताचं उत्पन्न १३ टक्क्यांनी आणि गव्हाचं २१.६ टक्क्यांनी घटलं. इफ्को सांगते की देशभरातल्या ११ हजार शेतांवर, ९४ पिकांवर चाचण्या घेऊन सरासरी ८ टक्के वाढ मिळाली. दोन्हींतलं खरं कोणतं, याचा निवाडा मी इथे बसून करत नाही. मी एवढंच दाखवतो की उत्पन्न ही काट्यावर टाकून एका हंगामात कळणारी गोष्ट. तिची स्वतंत्र तपासणी लोकांपुढे यायला कोट्यवधी बाटल्या विकल्या जाव्या लागल्या. मग जी गोष्ट वीस-तीस वर्षांनी फुप्फुसात, यकृतात, पुढच्या पिढीत दिसायची, तिची तपासणी विक्रीनंतर सावकाश होईल यावर विश्वास ठेवायचा कशाच्या बळावर? शेतकऱ्याला थांबवू नका म्हणणाऱ्यांनी शेतकऱ्याला विचारलं होतं का? लिंकिंगमध्ये बाटली घेणाऱ्याची संमती कुठे नोंदवली आहे?

संशोधनाला दहा वर्षं लागतात, ही सबबही खोटी आहे. अँड्र्यू मेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'नेचर'मध्ये पाच मोठी कामं लिहून ठेवली: हवेतले-पाण्यातले हे कण मोजणारी उपकरणं बनवणं, त्यांचं विषारीपण तपासण्याच्या पद्धती बसवणं, परिणामांचा आधीच अंदाज बांधणारी प्रारूपं तयार करणं, पदार्थाच्या जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा माग ठेवणं आणि या सगळ्यासाठी ठरवून संशोधन कार्यक्रम आखणं. तेव्हापासून दहा वर्षं केव्हाच उलटून गेली. भारताचं नॅनो मिशन २००७ मध्ये एक हजार कोटी रुपयांच्या तरतुदीसह सुरू झालं. माल बनवायला आपल्याला वेळ सापडला, पैसा सापडला. मोजायला सापडला नाही असं म्हणणाऱ्याने आपली निवड मान्य करावी, तिच्यावर काळाची मजबुरी चढवू नये.

साधनं नाहीत, असंही म्हणू नका. दौंडहून गाडीत बसलं की दोन तासांच्या आत पुणे येतं. तिथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, जिथे नॅनोकणांवर नावाजलेलं काम झालं. आघारकर संशोधन संस्था आहे, जिथे नॅनो चांदीचा औषधी उपयोग शोधला गेला. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, जिथे हवेतले सूक्ष्म कण मोजण्याचा मोठा अनुभव आहे. मांजरीला वसंतदादा साखर संस्था, बारामतीला कृषी विज्ञान केंद्र. लखनौला भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था, अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था. यांना पाटस-वरवंडच्या उसाच्या फडात आणि कुरकुंभच्या कारखान्यात एकत्र आणणारा आदेश तेवढा नाही.

राहिलं शेवटचं कलम, प्रगतीचे शत्रू. विज्ञानाचा अर्थ जर दावा तपासणं असा असेल, तर तपासा म्हणणारा विज्ञानाच्या बाजूचा आणि तपासू नका म्हणणारा विरुद्ध बाजूचा. नॅनो चांदीने भाजलेल्या जखमेवर उपचार होत असेल, नॅनो कणांनी खताचा खरोखर अपव्यय टळत असेल, तर मला ते हवं आहे. अतोनात युरियाने आपल्या जमिनी आणि विहिरी बिघडवल्या, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच त्याला पर्याय म्हणून जे येतं ते नीट पारखलेलं हवं. एका चुकीवरचा उतारा म्हणून दुसरी न तपासलेली गोष्ट पंधरा हजार गटांच्या हाती देणं, याला प्रगती कोण म्हणेल?

म्हणून मागणी स्पष्ट आहे. फवारणाऱ्याच्या, टाकी भरणाऱ्याच्या आणि शेजारच्या वस्तीच्या श्वासपातळीवर कण किती असतात, हे उसाच्या फडात, पंपाने आणि ड्रोनने, टाकीतल्या खऱ्या मिश्रणासह मोजा. नुसतं वजन नको, संख्या, आकार आणि पृष्ठभाग मोजा. कारखान्यात पोतं फोडण्याच्या आणि साफसफाईच्या जागी मोजा आणि नॅनो आकारासाठी वेगळी मर्यादा ठरवा. मुळा-मुठेच्या पाण्यात, प्रक्रिया केंद्रांच्या गाळात, भीमेकाठच्या मातीत हे कण कोणत्या रूपात पोचतात ते पाहा. फवारणी आणि पुडीची कामं करणाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी प्राथमिक आरोग्य केंद्रापासून दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत ठेवा आणि ॲस्बेस्टॉसच्या निकालाप्रमाणे ४० वर्षं जपा. कंत्राटदार बदलला म्हणून माणसाची नोंद हरवता कामा नये. हे काम माल विकणाऱ्याच्या पैशाने व्हावं, पण त्याच्या हाताखाली होऊ नये. विक्रीतून बंधनकारक वाटा काढा आणि तो स्वतंत्र संस्थांना द्या. आणि निघालेला प्रत्येक आकडा, अनुकूल असो वा प्रतिकूल, मराठीत जाहीर करा. हे होईपर्यंत लिंकिंग बंद करा, म्हणजे निदान ज्याला नको आहे त्याच्या हातात बाटली जबरदस्तीने जाणार नाही.

नॅनो वस्तू घातक आहेत असं मी म्हणत नाही. त्या सुरक्षित आहेत असं म्हणण्याचा अधिकार आज कुणालाही नाही, असं म्हणतो. सुरक्षित हा शब्द मोजून मिळवावा लागतो. पदार्थाची चाचणी हा त्यातला अर्धाच भाग. तो पदार्थ कुणाच्या अंगावर, कुठल्या कामात, किती आणि किती वर्षं पडतो, हा दुसरा अर्धा भाग मोजल्याशिवाय बाटलीवरचं आश्वासन, अधिकाऱ्याचं भाषण आणि दुकानदाराची हमी यांना काडीची किंमत नाही. आजवर दौंडच्या मजुराने न मोजलेला धोका फुकट पत्करला, आणि नफा मात्र बाटलीबाटलीने मोजला गेला. हा हिशेब आता उलटा करा. ज्यांना विकायचं आहे त्यांनी आधी मोजावं, जाहीर करावं, आणि मगच आमच्या रानात पाऊल टाकावं.